बत्तिसावा आठवडा, सुई आणि दोरा

स्वीडनमध्ये माणसं तारखा कमी आणि आठवड्यांचे क्रमांक जास्त बोलतात. मे महिन्यातच ऑफिसात कुणी "बत्तिसाव्या आठवड्यात मी नाही" म्हणालं, की बाकीचे समजून जातात : स्वारी विस्बीला चालली. गोटलंड बेटावरच्या या तटबंदीच्या गावात १९८४ पासून ऑगस्टच्या सुरुवातीला मध्ययुग सप्ताह भरतो. हजारो माणसं सहा-सातशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून आठवडाभर हिंडतात, जेवतात, नाचतात. बातम्यांत दिसतात ते घोड्यावरचे भालेवाले. मी ज्या मंडळींबरोबर जाते त्यांच्या सामानात मात्र सुया, लोकर आणि अर्धवट शिवलेले कपडेच जास्त. हिवाळाभर आम्ही स्टॉकहोमच्या एका उपनगरात जमतो आणि त्या काळच्या पद्धतीने हाताने शिवतो, काततो, भरतकाम करतो. मशीन नाही, पॉलिस्टरचा दोरा नाही, आणि प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न : "पुरावा काय?"

यंदा बरोबर माझ्या वहिनी होत्या. सांगलीत गावभागात त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. स्वीडन बघायला आल्या होत्या. मी म्हटलं, स्वीडन नंतर बघू, आधी हे बघा.

शुक्रवार, स्टॉकहोम

बोट उद्याची, म्हणून आज वहिनींना ऐतिहासिक संग्रहालयात नेलं. इथल्या मराठी घरी पाहुणा आला की त्याला हेल्गोचा बुद्ध दाखवायचा, हा रिवाजच पडलाय. जेमतेम बोटभर उंचीची काश्मीर-स्वात भागातली कांस्यमूर्ती. साधारण सहाव्या शतकातली. १९५६ मध्ये मेलारेन सरोवरातल्या बेटावर उत्खननात सापडली. ती इथवर कुणाच्या हातून, किती हात बदलून आली असेल याचा विचार करत माणूस तिथे बराच वेळ उभा राहतो. वहिनींनी हात जोडले आणि पुढे झाल्या. त्यांना कापडं बघायची होती.

कापडांच्या दालनात प्रकाश मंद असतो, रंग टिकावेत म्हणून. तिथे लोकरी कापडाचे तुकडे एकमेकांत बसवून केलेली मध्ययुगीन आच्छादनं आहेत, त्यातलं एक स्मोलंड प्रांतातल्या डालहेमच्या चर्चमधलं. या कामाची गंमत अशी, की दोन रंगांची कापडं एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापायची. मग लाल जमिनीत निळा सिंह बसतो, आणि निळ्या जमिनीत उरलेला लाल. एका कापणीत दोन आच्छादनं, चिंधी जवळजवळ शून्य. सांध्यावर सोनेरी मुलामा दिलेल्या कातड्याची बारीक पट्टी टाचली, की टाका दिसतही नाही. वहिनी काचेला नाक लावून म्हणाल्या, "कातर लई धारदार पाहिजे ह्याला. आणि कापड जाड, दाबून घट्ट केलेलं. नाहीतर कडा सुटतील." बरोबर. लोकर पाण्यात मळून घट्ट केलेली असते, म्हणून कड दुमडावीच लागत नाही. हे मला समजायला एक अख्खा हिवाळा गेला होता.

शेजारी चर्चच्या पोशाखांवरचं भरतकाम. अल्बर्टुस पिक्टर हा स्वीडनचा पंधराव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला चित्रकार. चर्चच्या छतांवर त्याने रंगवलेली चित्रं पाहायला लोक गावोगाव फिरतात. पण कागदपत्रांत त्याची ओळख मोत्यांचं भरतकाम करणारा अशीही येते. हा पुरुषांचाही धंदा होता, कारखाना चालवून करायचा. भरतकाम म्हणजे खिडकीत बसलेल्या राजकन्येचा विरंगुळा, ही समजूत आमच्या गटात नवीन येणाऱ्यांच्या डोक्यातून काढायला बराच वेळ लागतो.

शनिवार, बोटीवर

लोकलने नीनेसहामनचं बंदर, तिथून बोटीने सव्वातीन तास. या आठवड्यातली बोट म्हणजे तरंगता शिवणवर्ग. निम्म्या टेबलांवर कुणी ना कुणी झग्याचा घेर दुमडत बसलेलं, कुणी काजं करतंय. वर्षभराची मुदत असली तरी शेवटचा टाका बोटीवरच पडतो, हे जगभरच्या शिंप्यांना सांगायला नको.

माझा झगा वहिनींनी मांडीवर पसरला आणि शिवणी चाचपायला लागल्या. चौदाव्या शतकातला साधा पोशाख असा : आत लिननचा पायघोळ सदरा, वर लोकरी झगा. पुढे-मागे दोन सरळ आयत. घेर पाहिजे म्हणून बाजूंना आणि कधी पुढे-मागे मधोमध त्रिकोणी कळ्या. काखेत छोटा चौकोन. वहिनींचं बोट नेमकं त्या चौकोनावर थांबलं.

"वन्सं, हा चौबगला की हो!"

अंगरख्याला असतो तोच. मोठ्या आजोबांचा एक जुना अंगरखा त्यांनी उसवून पाहिलेला, तेव्हापासून त्यांच्या ध्यानात. मग त्यांनी बोटीच्या कागदी नॅपकिनवर मला दाखवलं. एक लांब आयत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला की दोन कळ्या होतात. एक उलटी करून दुसरीशेजारी ठेवायची. बाही निघते ती उरलेल्या पट्टीतून. कातरणीत काही म्हणजे काही वाया जात नाही. "हल्लीचं कटिंग कापड स्वस्त झाल्यावरचं आहे," त्या म्हणाल्या. हे त्यांनी आपलं सहज म्हटलं. मी मात्र आठवडाभर त्याच वाक्यापाशी घुटमळत राहिले.

संध्याकाळी विस्बी. साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा तट अजून जवळजवळ पुरा उभा आहे. आत छप्पर गेलेली चर्चं, दगडी गुदामं आणि गुलाबांची बुटकी घरं. १९९५ पासून जागतिक वारसा. तटाबाहेरच्या तळावर आमच्या गटाचे तंबू ठोकून झाले होते.

रविवार

आज सुरुवात. सकाळी कपडे चढवले. वहिनींसाठी गटातल्या एकीने झगा उसना दिला, कंबरेला पट्टा, डोक्याला लिननचा रुमाल. पदर नाही म्हणून त्या जरा अवघडल्या, मग रुमालाचं टोक खांद्यावरून पुढे घेतलं आणि तेवढ्यावर निभावलं. पाहणाऱ्या एकीला ते इतकं आवडलं की तिने तसंच करून घेतलं.

गर्दीत दोन जाती दिसतात. एक, दुकानातून घेतलेला मखमली झगा आणि प्लास्टिकची तलवार. दुसरी आमची, जिला पहिल्या जातीबद्दल नाक मुरडायची खोड आहे. माझं मत सांगते : मखमलवाल्यांनीच हा उत्सव जिवंत ठेवलाय. तिकिटं तेच काढतात, आमची लाकडी सुई तेच विकत घेतात. आणि आमच्यातही कितीतरी जणी आतली लांब शिवण मशीनवर मारून फक्त दिसणारा टाका हाताने घालतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. नोकरी करून, पोरं सांभाळून आठ मीटर शिवण हाताने घालायची हौस सगळ्यांना नसते.

चष्म्यावरूनही वाद होतात. चष्मे युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेत, नाकावर चिमटा बसवायचे, त्यामुळे "पुरावा" आहे. वहिनींचा जवळचा चष्मा कार्यकारी मंडळाने विनाचर्चा मंजूर केला.

सोमवार : टकळी

आमचा मांडव शिवणाचा. कनातीखाली बाकं, येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावं, हात लावून बघावं. आज कातायचा दिवस. गटातली सगळ्यात ज्येष्ठ बाई, सत्तरीची, कमरेच्या पट्ट्यात काठी खोचून उभी राहते. काठीच्या टोकाला विंचरलेल्या लोकरीचा पुंजका. डाव्या हाताने तंतू ओढायचे, उजव्या हाताने टकळीला पीळ देऊन सोडून द्यायची. टकळी गरगरत खाली जाते, धागा वर तयार होत राहतो. ती चालता चालता कातते, गप्पा मारता मारता कातते. एकदा तर रांगेत उभी राहून कातत होती. इथे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात. वहिनींच्या तोंडून ते निघेना, म्हणून त्यांनी तिला परस्पर मावशी करून टाकलं.

वहिनींच्या शाळेत सूतकताईचा तास होता. पेळू, टकळी, खाली वाटी. त्यांनी मावशींच्या हातातली टकळी घेतली आणि पहिला धागा तटकन तुटला. कापसाचे तंतू आखूड, म्हणून टकळी जमिनीवर टेकवून हलकी फिरवायची. लोकरीचे तंतू लांब, त्यांना टकळीचं वजन पेलतं, म्हणून ती अधांतरी सोडायची. मावशींनी काही न बोलता वहिनींचा डावा हात धरून बोटांमधलं अंतर वाढवलं. बस्स. दुपारपर्यंत वहिनी उभ्याने कातत होत्या. मधूनच धाग्यात गाठोडी येत होती, पण धागा होता.

दुपारी एका शाळकरी मुलाने विचारलं, या झग्याला किती दोरा लागला? मावशींनी तो हिशेब पाठ केलेला आहे. कापडात सेंटिमीटरला उभे दहा आणि आडवे दहा धागे धरले, तर एका चौरस मीटरला एक हजार उभे, एक हजार आडवे, प्रत्येकी एक मीटर. म्हणजे दोन किलोमीटर. झग्याला साधारण चार चौरस मीटर कापड : आठ किलोमीटर धागा. टकळीवर हात बसलेली बाई तासाला पन्नासएक मीटर कातते. एकशे साठ तास नुसती कताई. लोकर कातरणं, धुणं, विंचरणं, विणणं, रंगवणं वेगळंच. शिवण यात कुठे आहे? तीनचार दिवसांची. पोशाखातला सगळ्यात स्वस्त भाग शिवण.

वहिनी ऐकत होत्या, मी भाषांतर करत होते. "म्हणून चौबगला," त्या म्हणाल्या. एवढा मरमर करून काढलेला धागा गोल मुंढा कापून कोण चिंध्यांत टाकेल?

चरखा तेव्हा नव्हता का, असं तुम्ही विचाराल. होता. तेराव्या शतकात तो युरोपात पोचला, पण त्याच्या सुतावर लोकांचा भरवसा नव्हता. जर्मनीतल्या श्पायर शहराच्या नियमात चरख्याचं सूत आडव्या धाग्याला चालेल, उभ्याला नाही, असं होतं. ताणाला टकळीचंच लागे. आणि आपल्याकडे? चरख्याचा भारतातला जुन्यात जुना स्पष्ट उल्लेख सापडतो तो इसामी नावाच्या फारसी कवीकडे. मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं उचलून दौलताबादेला आणली, त्यात हा पोरवयात आला. पुढे दख्खनमध्येच १३५० च्या सुमारास लिहिताना त्याने रझिया सुलतानाला टोमणा मारला, की बाईने चरख्यापाशी बसावं, ते बरं. इतिहासाला चरख्याची तारीख मिळाली ती अशा शेऱ्यातून! तटाबाहेरच्या मांडवात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा मावशी टकळी न थांबवता म्हणाल्या, तो स्वतः कातत होता का?

मंगळवार : रंग

रंगवणाऱ्यांचा कोपरा तळाच्या कडेला, धुरामुळे आणि वासामुळे. तीन झाडांवर बराचसा युरोप रंगला : लालसाठी मंजिष्ठेची युरोपी बहीण, पिवळ्यासाठी वेल्ड, निळ्यासाठी वोड. बायोच्या प्रसिद्ध भरतकामातली लोकरसुद्धा या तिघांचीच. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं त्याची जवळजवळ सत्तर मीटर लांब चित्रकथा, आणि रंगाच्या पिंपात झाडं तीन. बाकी सगळं एकावर दुसरा रंग चढवून, किंवा कमी-जास्त वेळ बुडवून.

लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवलेली. मग मुळ्यांचे तुकडे टाकलेल्या हंड्यात. हंडा उकळू द्यायचा नाही, बोट जेमतेम सोसेल त्याहून थोडा जास्त गरम, बस. उकळला की लाल जाऊन विटकरी-तपकिरी होतो. गोटलंड चुनखडीचं बेट, पाणी जड. चहाला ते वाईट, पण या लालाला उत्तम, कारण चुन्यानेच तो खुलतो. हलक्या पाण्याच्या गावातले रंगारी मुद्दाम खडू टाकतात.

वहिनींनी आयुर्वेदाच्या दुकानातली मंजिष्ठा ओळखली. झाड त्याच कुळातलं खरं, पण आपल्या मंजिष्ठेतलं रंगद्रव्य वेगळ्या मिश्रणाचं, लाल थोडा नारिंगीकडे झुकतो. वोडच्या निळ्याचं उलट : त्यातलं द्रव्य आणि आपल्या निळीतलं एकच. झाडं वेगळी, रंग तोच.

निळा बघायला गर्दी होते. लोकर पिंपातून निघते ती हिरवट-पिवळी, आजारी दिसणारी. हवेत धरली की डोळ्यांदेखत कडेकडेने हिरवी, मग निळी होत जाते. पोरं ओरडतात. पूर्वी हे पिंप आंबवायला मूत वापरत. इथे आता वापरत नाहीत. रंगारी मंडळींना हे रोज साठ वेळा सांगावं लागतं.

कांद्याच्या सालीवरून याच कोपऱ्यात एकदा भांडण झालेलं. साल सुंदर रंगवते, फुकट मिळते, आणि मध्ययुगातला तिचा भक्कम पुरावा कुणी पुढे ठेवत नाही. मग वापरायची का? दोन तट पडलेत. मला विचाराल तर पोरांच्या कार्यशाळेत खुशाल वापरावी, स्पर्धेच्या कपड्यात नको.

बुधवार

पाऊस. म्युझियममध्ये गेलो.

२७ जुलै १३६१ ला डेन्मार्कचा राजा वाल्देमार आत्तेरदाग याच्या फौजेने विस्बीच्या तटाबाहेर गोटलंडच्या शेतकऱ्यांना कापून काढलं. साधारण अठराशे मेले. शहराच्या व्यापाऱ्यांनी दरवाजे बंद ठेवले आणि नंतर शरण गेले. मेलेल्यांना चिलखतांसकट खड्ड्यांत लोटलं, आणि विसाव्या शतकात ते खड्डे उघडले तेव्हा अकराशेहून जास्त माणसांचे सांगाडे निघाले. पायांच्या नडग्यांवर वारच वार. कडीचं शिरस्त्राण चढवलेली कवटी काचेमागे ठेवलीय. तिच्याकडे बघून झाल्यावर बाहेर लाकडी तलवारी घेऊन पळणारी पोरं जरा वेळ नकोशी वाटतात.

याच खड्ड्यांतून पत्र्याच्या चिलखतांचे पंचवीसएक नमुने निघाले. बाहेरून कापड किंवा कातडं, आतून लोखंडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. कापड कुजून गेलं, पट्ट्या राहिल्या. वहिनी म्हणाल्या, "हे बी कुणीतरी मापाचं शिवलं असणार. पोटाचं माप घेतलं असंल." खरंच, पट्ट्या कंबरेशी निमुळत्या होत जातात.

जेवायला केशराचा बेटावरचा भातपोळा. भात दुधात शिजवून, केशर घालून भाजलेला, वर सायीबरोबर इथल्याच रानबेरींचा मुरंबा. वहिनींनी दोन खाल्ले.

गुरुवार : बाजार आणि इरकल

सकाळी नोलबिंडिंग. लाकडाची किंवा हाडाची बोथट सुई, अंगठ्यावर लोकरीचे वेढे, आणि प्रत्येक टाक्यात सुई मागच्या दोन-तीन वेढ्यांतून ओवून बाहेर. दोन सुयांच्या विणकामाहून कितीतरी जुनी रीत. यॉर्कच्या कॉपरगेट भागात दहाव्या शतकातला असा मोजा सापडला आहे. धागा हातभरच घ्यावा लागतो, कारण दर टाक्याला तो पुरा ओढायचा असतो. संपला की नव्या धाग्याचं टोक जुन्याशी जुळवायचं, थुंकी लावायची आणि तळव्यांत घासायचं. लोकर लोकरीत गुंतते, गाठ लागत नाही. थुंकीपाशी वहिनी थांबल्या. पाण्याची वाटी मागितली. मावशी म्हणाल्या, पाण्याने तितकं घट्ट होत नाही. दोघींनी आपापलं केलं, आणि मावशींचा सांधा जास्त टिकला. फायदा असा, की टाका तुटला तरी मोजा उसवत नाही. भोक पडतं तेवढंच.

दुपारी वहिनींना झग्याचा कंटाळा आला आणि त्यांनी आपली इरकल नेसली. साडीवर धारवाडकडून करून घेतलेला कशिदा : गोपुरं, रथ, पालखी. तळावर सोळाव्या शतकातलं काळ्या रेशमाचं भरतकाम करणारी एक बाई आहे. तिला बाकीचे चिडवतात, की तुझं शतक या आठवड्यात बसत नाही. ती तीरासारखी आली आणि पदर हातात घेऊन उलटा केला. उलट बाजूला तीच नक्षी, गाठ नाही. तिने आपली लिननची पट्टी काढली. दोन्ही बाजूंनी सारखी. टाका एकच : आधी धावदोरा घालत जायचं, परत येताना मोकळ्या जागा भरायच्या. कशिद्यात याला गवंती म्हणतात. युरोपात त्याला होल्बाइन या चित्रकाराचं नाव पडलंय, कारण त्याने रंगवलेल्या १५३० च्या दशकातल्या व्यक्तिचित्रांत राण्या-सरदारांच्या मनगटांवर हेच काम दिसतं. जेन सीमोरच्या चित्रात कफावर बघा, धागे मोजता येतील.

कुणी कुणाकडून घेतलं, असा प्रश्न लगेच निघाला. मला तो फारसा पटत नाही. सरळ विणीचं कापड आणि मोजून टाका, एवढं असलं की दोन्ही बाजू सारख्या करायचा हाच मार्ग कुणालाही सुचेल. त्या दोघी यात पडल्याच नाहीत. वळणावर आडवा टाका आधी की उभा, यावर त्यांची खूण-भाषेत तासभर चर्चा चालली, आणि माझं भाषांतर दोघींनीही नाकारलं.

शुक्रवार

घोड्यांचे सामने पाहिले. छान होते. मला घोड्याच्या झुलीची शिवण जास्त बघायची होती, आणि ती मशीनची होती.

संध्याकाळी पट्टी-विणकाम. तळहाताएवढ्या चौकोनी पाट्या, चार कोपऱ्यांना चार भोकं, प्रत्येकातून एक धागा. धाग्यांचं एक टोक खुंटीला, दुसरं आपल्या पट्ट्याला. पाट्यांचा गठ्ठा पाव फिरवला की वरचे धागे खाली जातात, मधून आडवा धागा घालायचा, ठोकायचा, परत फिरवायचं. माग म्हणजे तुमचं शरीर. पाठ सैल सोडली की पट्टी सैल. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या जहाजात, म्हणजे इसवी सन ८३४ मधल्या त्या दफनात, अर्धवट विणलेल्या पट्टीसकट अशा बावन्न पाट्या सापडल्या. आमच्याकडे नवशिक्यांना सोळा देतात. काही जण खेळायच्या पत्त्यांना भोकं पाडून वापरतात. पुराव्याच्या गप्पा त्या वेळी कुणी काढत नाही.

ऑगस्टमध्ये नऊपर्यंत उजेड असतो. त्यानंतर बारीक टाका घालता येत नाही. मेणबत्तीत प्रयत्न करून पाहावा म्हणजे कळतं, त्या काळच्या शिंप्यांच्या नियमांत उजेडाला इतकं महत्त्व का.

शनिवार, परत

तंबू उतरवताना गटातल्या एका तरुणाने वहिनींना गाठलं. त्याला १९३६ मध्ये वार्बेरीजवळच्या दलदलीत सापडलेल्या बॉक्स्टेनच्या माणसासारखा पोशाख करायचाय. चौदाव्या शतकातला तो माणूस छातीत खुंटी ठोकून दलदलीत पुरलेला, पण कपडे जवळजवळ शाबूत : झगा, पांघरूण, पायमोजे आणि खांद्यांपर्यंत येणारी टोपी. ती आपल्या कुंचीसारखी, फक्त मागे जवळजवळ मीटरभर शेपूट. तरुणाचे पायमोजे गुडघ्याशी ताटत होते. वहिनींनी कापड दोन्ही हातांनी ओढून बघितलं. "उभं कापलंय. उरेब काप, आपोआप ताणेल." तिरकस कापलेलं कापड अंगाबरोबर ताणतं म्हणूनच तेव्हाचे पायमोजे उरेब असत. पोराने ते वाचलेलं होतं, कापड वाचवायच्या नादात सोडून दिलं होतं. वहिनींनी तळावरच जुन्या स्वीडिश वर्तमानपत्रावर नमुना काढून दिला. पायाचं माप घेताना त्यांनी त्याला दोनदा "हलू नगंस" म्हणून दटावलं. त्याला नीट समजलं.

बोटीवर कापडी बटणं. गोल तुकडा, कडेने धावदोरा, ओढून चुरगळा आत कोंबायचा आणि आडवे-उभे टाके घालत गोळी टणक करायची. ती कापडाच्या अगदी काठावर लावतात, आजच्यासारखी आत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत बाहीला वीस-पंचवीस लागतात, दोन बाह्यांना दुप्पट. एकीने वहिनींना विचारलं, पन्नास करून द्याल का, पैसे घ्या. वहिनींनी एक करून वेळ बघितली, आणि मला विचारलं की इथे शिंप्याची तासाची मजुरी काय. सांगितली. त्या हसायलाच लागल्या.

"वन्सं, तिला सांगा, सांगलीला पाठवून दे म्हणावं कापड. पण कातरण टाकू नको, तेच आत भरायला लागतंय."

ती बाई पिशवी उघडून कातरणं शोधायला लागली. मी वहिनींचा पत्ता रोमन अक्षरांत लिहून दिला, आणि लोकर भारतात पाठवताना कस्टमच्या कागदावर नेमकं काय लिहायचं यावर नीनेसहामन येईपर्यंत वाद चालला.